गाण्यासाठी नोकरी सोडू का?

फुलेवाडीच्या एका 27 वर्षांच्या वाचकाचं पत्र आलंय. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत क्वालिटी विभागात साडेचार वर्षं नोकरी, हातात 28 हजार. स्वतः लिहिलेली, स्वतःच चाल लावलेली 11 गाणी तयार आहेत. पुण्याच्या स्टुडिओनं सगळी गाणी आणि तीन व्हिडिओंचे 3 लाख 60 हजार सांगितलेत. त्यासाठी बँकेतले 1 लाख 60 हजार आणि आईची 2 लाखांची ठेव मोडायची, पुढच्या महिन्यात राजीनामा द्यायचा आणि पीएफच्या 1 लाख 90 हजारांवर घर चालवायचं, असा बेत आहे. शिवाय एक म्युझिक कंपनी सहा गाण्यांचे सगळे हक्क कायमचे घेऊन 40 हजार द्यायला तयार आहे.

पत्रासोबतच्या लिंकवरचं गाणं मी दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा कामासाठी नव्हे. त्यामुळे 'हा नाद सोडा' असं मी म्हणणार नाही. राजीनामा मात्र आत्ता देऊ नका, आणखी सहा महिने थांबा.

तुम्ही घरात 12 हजार देता, स्वतःला 6 हजार लागतात. महिन्याला 18 हजार. या हिशेबानं पीएफ साडेदहा महिने पुरेल. गेल्या वर्षी गणपतीपासून लग्नसराईपर्यंत 14 सुपाऱ्या वाजवून तुम्हाला 62 हजार मिळाले, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्या आसपास. तुमचं आजचं खरं उत्पन्न हेच. यूट्यूबवरच्या ऐकण्यातून काही येईल ही आशा ठेवा, पण तिला हिशेबात धरू नका. तिथं जाहिरातीचा वाटा सुरू व्हायलाच 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणं लागतं. चार मिनिटांचं गाणं पूर्ण 60 हजार वेळा ऐकलं गेलं, तर तेवढे तास भरतात. तुमच्या सगळ्या गाण्यांचे मिळून सध्या 7,400 व्ह्यूज आहेत. स्ट्रीमिंगचं एका ऐकण्याला दहा पैसे धरले, तरी 3 लाख 60 हजार वसूल व्हायला 36 लाख वेळा ऐकलं जावं लागेल.

आता त्या सहा महिन्यांचं. नोकरीची सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. तुमचा मूळ पगार 18 हजार आहे. त्याला 26 नं भागून 15 दिवस आणि 5 वर्षांनी गुणलं की होतात 51,923 रुपये. आज राजीनामा दिलात तर यातलं काही हाती लागणार नाही. वर पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर करही बसतो. घाईची एवढी किंमत कशाला मोजायची?

अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले ते शाहू महाराजांच्या दरबारी गवय्याच्या नेमणुकीवर. आपण त्याला राजाश्रय म्हणतो, घरखर्चाच्या वहीत ती पगाराचीच नोंद. तुमची फौंड्री सध्या तुमचा दरबार आहे, वाळूच्या वासासकट.

11 गाणी एकदम करू नका. दोन करा, 60 हजारांत, व्हिडिओ साधा ठेवा. बँकेत एक लाख उरतील, सहा महिन्यांत दरमहा 10 हजार शिल्लक पडतील आणि ग्रॅच्युइटी येईल. एकूण 2 लाख 12 हजार, म्हणजे जवळजवळ वर्षभराचा घरखर्च. पीएफ तसाच. आईची ठेव तर या गणितात आणूच नका. तुम्हाला नव्यानं कमवायला तीस वर्षं आहेत, त्यांना नाहीत. फौंड्रीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपेल, तेव्हा घरच्यांची पॉलिसी त्याआधी काढा.

म्युझिक कंपनीच्या करारावर सही करू नका. शब्द आणि चाल दोन्ही तुमचे, आणि त्यांचा कॉपीराइट तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो. 40 हजारांत ते जातं, एका गाण्यामागे साडेसहा हजारांच्या आसपास. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, कागदावर लिहिलं तरी. तरीही हक्क द्यायचेच असतील तर एका गाण्याचे आणि ठरावीक वर्षांसाठी द्या. करारात मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून 'कायमचे' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातलाय. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सभासदत्व या आठवड्यातच घ्या.

मग सोडायची कधी? दोन गाणी बाहेर आल्यावर पुढच्या हंगामात सुपाऱ्या आणि गाणी मिळून वर्षाची सरासरी महिना 12 हजारांवर गेली, तर खुशाल सोडा. आठच्या आसपास राहिली तर आणखी एक हंगाम नोकरी करत गा. मंडळवाल्यांना दरही वाढवून सांगा. एका सुपारीचे साडेचार हजार, त्यातून गाडीभाडं, हे मला पटलेलं नाही.

आज घरी गेल्यावर नेमणूकपत्र काढून रुजू झाल्याची तारीख बघा. पहिले काही महिने कंत्राटदाराच्या हजेरीवर होता असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तसं असेल तर पाच वर्षं कोणत्या तारखेपासून मोजणार, हे एचआरकडून लेखी घ्या आणि मला कळवा. त्यावर सहा महिन्यांचा आकडा बदलू शकतो.