बोलपट आहे, मग ‘रंगपट’ का नाही?

कोल्हापुरातल्याच एका वाचकाचा प्रश्न आहे. चित्रपटकर्ते बाबूराव पेंटर यांच्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी ते निवेदन लिहीत आहेत. त्यात ‘मूकपट’ आणि ‘बोलपट’ हे शब्द आले, आणि त्याच ओघात त्यांनी लिहिलं, ‘प्रभातचा सैरंध्री हा आपला पहिला रंगपट’. घरातल्या थोरांनी तेवढाच एक शब्द खोडला. त्यांचं विचारणं असं : बोलपट चालतो, तर रंगपट का चालू नये? व्याकरण तर तेच आहे.

व्याकरणात काही चूक नाही, तरी थोरांनी खोडला ते योग्यच केलं.

पहिली अडचण अशी की ‘रंगपट’ हा शब्द मराठीत रिकामा नाही. नाटकवाल्यांनी तो कधीच घेतलेला आहे. नट जिथं तोंडाला रंग लावतात, कपडे बदलतात, ती खोली म्हणजे रंगपट. माझे वडील हौशी नाटकं करायचे, त्यामुळे केशवराव भोसले नाट्यगृहाचा रंगपट मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून पाहिलेला. मिशा चिकटवायच्या डिंकाचा उग्र वास, आरशाला टेकवलेला देवाचा फोटो, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडणार, “रंगपटात गर्दी करू नका रे!” २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते नाट्यगृह जळालं, तेव्हा मला सगळ्यात आधी तो वास आठवला. तुमच्या कार्यक्रमाला नाटकातली चार माणसं आलेली असणारच. ‘पहिला रंगपट’ ऐकून त्यांच्या डोळ्यांपुढे मेकअपची खोलीच येईल. ‘रंगीत तालीम’ हा शब्दही त्याच घरातला. कपडे-रंगासह होणारी ती तालीम, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. रंगभूमी, रंगमंच, रंगकर्मी या सगळ्यांत ‘रंग’ म्हणजे खेळ उभा राहायची जागा. लाल-निळ्याशी त्याचा संबंध नाही.

पण एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण एका शब्दाचे दोन अर्थ मराठी सहज सांभाळते. खुद्द ‘पट’ बघा. कापडही पट, सोंगट्यांचाही पट. शिवाय हा ‘पट’ शब्द जोडून घ्यायला मोठा तयार आहे : लघुपट, माहितीपट, चरित्रपट, भयपट, तमाशापट. एवढे पट झाले, त्यात रंगाचा का रुजला नाही? मला वाटतं, खरं उत्तर सिनेमात बोलणं कसं आलं आणि रंग कसा आला, यात आहे. बोलण्यानं वस्तूच बदलली, म्हणून तिला नवं नाव मिळालं. रंगानं तिचं रूप खुललं, म्हणून त्याला विशेषण पुरलं.

आधी ‘मूकपट’ घेऊ. १९२० साली बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, तेव्हा त्याला मूकपट म्हणण्याचं काही कारणच नव्हतं. चित्रपट तेवढा एकाच जातीचा होता. इचलकरंजीत यंत्रमाग आले आणि मग जुन्या मागाला ‘हातमाग’ म्हणायची पाळी आली, तोवर तो नुसता माग होता. ब्रॉयलर आली आणि परड्यातली कोंबडी ‘गावठी’ ठरली. ‘मूकपट’ हे तसंच मागाहून पडलेलं नाव. १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत ‘आलम आरा’ बोलला, १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला, आणि तोवरचे सगळे चित्रपट एका फटक्यात मुके ठरले.

एका परीनं हे त्यांच्यावर अन्यायकारकच आहे. त्या खेळांना पडद्यापुढे पेटी-तबला वाजायचा, वाचता न येणाऱ्यांसाठी पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या जायच्या. थेटरात शांतता अशी नव्हतीच. आणि ‘कृष्णधवल’ म्हणाल, तर तेही पुरतं खरं नाही. जगभर त्या काळी फिल्मच्या पट्ट्या रंगाच्या पाण्यात बुडवून काढत. रात्रीचा प्रसंग निळा, दिव्याच्या उजेडातला पिवळसर, आगीचा तांबडा. त्याही आधी, अगदी १८९० च्या दशकापासून, एकेका चौकटीवर कुंचल्यानं हातानं रंग भरलेल्या फिल्म निघत होत्या. म्हणजे सिनेमात रंग आवाजाच्या कितीतरी आधी आला होता, आणि तरीही त्यानं सिनेमाचं नाव बदललं नाही.

इथं एक बारकावा सांगितलाच पाहिजे, कारण आवाज आणि रंग यांची खरी झटापट इथं झाली. आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला, चित्राच्या शेजारीच छापलेली असते. प्रोजेक्टरमध्ये एक छोटा दिवा त्या पट्टीतून आरपार प्रकाश टाकतो. पलीकडच्या विद्युत-डोळ्यावर तो कमी-जास्त पडतो आणि त्यातूनच आवाज तयार होतो. आता सगळी फिल्मच निळ्या-तांबड्या रंगात बुडवलेली असेल, तर पट्टीसुद्धा रंगणार, प्रकाश अडणार आणि आवाज दबणार. म्हणून बोलपट आले तसा हा रंग झपाट्यानं मागे पडला. आवाजाला अडथळा होणार नाही अशा छटांची फिल्म कोडॅकनं १९२९ मध्ये काढली, पण जुनी चाल गेली ती गेलीच. आवाजानं रंगाला काही काळ घराबाहेर काढलं, असं म्हटलं तरी चालेल.

आणि कामाची पद्धत? हातानं फिरवायचा कॅमेरा जरा हळू-जलद फिरला तरी आधी चालून जायचं. आवाज आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का करावा लागला, नाहीतर गाणं बेसूर. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये शिरू नये म्हणून त्याला पेटीत कोंडावं लागलं. दिसायला देखणा पण गळा नसलेला नट मागे पडला, संगीत नाटकातला गवई पुढे आला. ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे उभे राहिले, ते उगाच नव्हे.

सगळ्यात मोठा बदल भाषेचा. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट कोल्हापुरातही चालायचा आणि लाहोरातही. बोलणं आल्यावर तसं जमेना. ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा करावा लागला. कोल्हापूर १९२० पासून चित्रपट काढत होतं, पण ‘मराठी चित्रपट’ या दोन शब्दांना खरा अर्थ आला तो १९३२ मध्ये. रंगानं असं काही केलं नाही. तांबडं कुंकू सगळ्या भाषांत तांबडंच दिसतं.

म्हणून ‘बोल’ नावात शिरला. शब्दही मोठा झोकात जमला आहे. हिंदीनं ‘सवाक्’ वापरून पाहिला. मराठीत मात्र बोलभाषा, बोलघेवडा, बोलभांड अशी जोडणी आधीच जिभेवर होती, त्यामुळे बोलपट परका वाटलाच नाही. कंपन्यांच्या नावांतही आवाज आला. आपल्याकडे कोल्हापूर सिनेटोन आणि शालिनी सिनेटोन झाल्या, मुंबईत रणजित मूव्हिटोन झाली. आणि इमारतीही त्यातून सुटल्या नाहीत. ‘टॉकी’ म्हणजे बोलपट, पण आपण ‘टॉकीज’ म्हणतो ते थेटराला. आजही रिक्षावाल्याला आपण “उमा टॉकीजला सोडा” म्हणतो, तेव्हा नव्वद वर्षांपूर्वीचं ते नवल तोंडी असतं. माझी आजी तर शेवटपर्यंत विचारायची, “कुठला बोलपट लागलाय रं?” आणि मग, “रंगीत हाय व्हय?” बोलपट हे नाम, रंगीत हे विशेषण. तिनं व्याकरण कधी शिकलं नव्हतं, पण भेद अचूक होता.

रंग कोल्हापूरला कमी प्रिय होता, असं मात्र कुणी समजू नये. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधू ‘पेंटर’ झाले तेच नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून. कापडावर चित्र, म्हणजे अक्षरशः चित्रपट. पुढे बाबूरावांची पोस्टरं गाजली ती रंगांमुळेच. थेटराबाहेर रंग, आत काळं-पांढरं, आणि मधली भर प्रेक्षक मनानं घालायचे. बाबूरावांच्याच हाताखाली तयार झालेल्या जोडीतही मला ही वाटणी दिसते : प्रभातमध्ये विष्णुपंत दामल्यांनी आवाज सांभाळला, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन.

हिंमत रंगासाठीही केली गेली. १९३३ मध्ये प्रभातनं ‘सैरंध्री’ नव्यानं, रंगात केला आणि प्रती जर्मनीत काढून आणल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९३७ च्या ‘किसान कन्या’ला देशातच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट म्हणतात, ते ‘सैरंध्री’वरचं काम परदेशात झालं म्हणून. रंगाविना बिघडत मात्र नव्हतं. ‘पिंजरा’ १९७२ मध्ये रंगीत आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी ‘सामना’ कृष्णधवल आला, आणि त्यात काही उणं आहे असं कुणाला वाटलं नाही. तेच मराठीत बोलपट स्थिरावल्यावर मुका चित्रपट काढून लोकांना बोलवून बघा म्हणावं!

तर तुमच्या निवेदनात असं करा. ‘मूकपट’ आणि ‘बोलपट’ जोडून, एका शब्दात लिहा. ‘कृष्णधवल’ही एकच शब्द. ‘रंगीत चित्रपट’ मात्र दोन शब्दांत. आणि खोडलेल्या वाक्याच्या जागी लिहा : ‘बाबूरावांचा सैरंध्री १९२० चा, मूकपट, प्रभातचा सैरंध्री १९३३ चा, रंगीत बोलपट.’ माइकवर वाचताना ‘रंगीत’नंतर किंचित थांबा.