ती ट्यूब आधी बंद करा

दिवाळी तोंडावर आली की त्वचेच्या तक्रारींची माझ्याकडे येणारी पत्रं दरवर्षी बहुतेक सारखीच असतात, पावसाळाभर ओल्या कपड्यात काम केलेलं असतं, घाम, चिखल, गाजर गवत, आणि मग मेडिकलवरून कुणीतरी आणून दिलेली एखादी ट्यूब. यावेळी पण तेच, म्हणून ट्यूबवाला प्रश्न आधी घेते आणि जरा सविस्तर घेते.

प्रश्न: ताई, माझ्या मिस्टरांना जांघेत आणि कमरेला वर्षभरापासून गजकर्ण आहे. मेडिकलवाल्या भाऊंनी ट्यूब दिली, ती लावली की दोन-तीन दिवसात खाज बंद, सोडली की दुप्पट. आता मला पण झालंय आणि लहान्याच्या पोटावर गोल चट्टा दिसतोय. सासूबाई म्हणतात बिब्बा लावा. काय करू? (यावल तालुका)

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे बिब्बा अजिबात नको. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, पाणी सुटतं आणि काळा डाग राहून जातो, लहान लेकराला तर हात पण लावू देऊ नका. सासूबाईंना हे नीट समजावून सांगा, त्या प्रेमानेच सांगताहेत, पण जांघेतली कातडी फार नाजूक असते.

आता ती ट्यूब हातात घ्या आणि मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा, किंवा घरातल्या शिकलेल्या पोराला वाचायला लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन असलं काही नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते म्हणून दोन दिवसात बरं वाटतं, पण गजकर्ण ज्या बुरशीने होतं ती मरत नाही, उलट तिला रोखणारी शरीराची ताकदच तिथे कमी होते आणि ती पसरत जाते. चट्ट्याची गोल कडा पण पुसट होते, मग डॉक्टरला सुद्धा ओळखायला जड जातं. महिनोनमहिने लावलं की जांघेत पोटावरच्या बाळंतपणाच्या खुणांसारखे पांढरे पट्टे पडतात आणि ते पट्टे परत जात नाहीत, कितीही पैसे घालवले तरी. २०१८ मध्ये सरकारने असल्या बऱ्याच स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी त्या काउंटरवर सर्रास मिळतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण रोज असे पेशंट बघते.

तिघांनी एकाच दिवशी डॉक्टरला दाखवा, एकेकट्याने नाही, नाहीतर एकाचं बरं होतं आणि दुसऱ्याकडून परत लागतं. लावायला नुसतं बुरशीचं औषध असलेली क्रीम लागते, ती चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायची, बाहेरून आत, कारण बुरशी कडेला जिवंत असते. मिस्टरांचं वर्षभराचं आहे, त्यांना टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोलच्या गोळ्या लागतील असं वाटतं, पण त्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, लिव्हरचा त्रास किंवा बीपी-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला आधी सांगायचं. औषध काही आठवडे चालतं, आणि डाग दिसेनासा झाल्यावर सुद्धा निदान दोन आठवडे पुढे चालू ठेवायचं, नेमकं इथेच सगळे चुकतात. जुनी ट्यूब बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस खाज जास्त वाढल्यासारखी वाटेल, तेव्हा घाबरून परत तिच्याकडे वळू नका, तेवढे दिवस खाजेची गोळी डॉक्टर देतात.

आणि कमरेचा करदोडा काढायला सांगा. मला माहितीये, घरात म्हातारी माणसं असली की हे बोलणं सोपं नाही, पण तो दोरा कायम ओला राहतो आणि रोज त्याच जागी घासतो. बरं झाल्यावर नवीन बांधा. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, आतले कपडे गरम पाण्यात धुवून उलटे करून कडक उन्हात, आणि फिट्ट जीन्स काही महिने कपाटात.

प्रश्न: मॅडम, वय ५४, कापसाची शेती. दर पावसाळ्यात माझा चेहरा, मान, पापण्या काळ्या पडून जाड होतात, इतकी खाज की रात्रभर झोप नाही. आधी थंडीत कमी व्हायचं, आता बाराही महिने आहे. गावात म्हणतात रक्त खराब झालं. (अमळनेर)

उत्तर: भाऊ, रक्त खराब झालेलं नाही, रक्तशुद्धीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला गाजर गवताची ॲलर्जी वाटते. हे गवत आपलं नाही, परदेशातून आलं, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता बांधावर, रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात सगळीकडे तेच दिसतं. हात लावायलाच पाहिजे असं नाही, त्याचे वाळलेले बारीक कण हवेतून उडून अंगावर बसतात, म्हणून उघड्या जागा आधी धरतात, पापण्या, मान, कानामागे, कोपराची घडी. वर्षानुवर्षं झालं की मग ऊन पण सहन होत नाही.

खात्री करायला पाठीवर पॅच टेस्ट करतात, छोट्या पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी काढून बघतात, दुखत नाही. जळगाव किंवा धुळ्याला त्वचेच्या डॉक्टरला एकदा दाखवाच. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, वर मी स्टेरॉइडला एवढं नाव ठेवलं, पण तुमच्या आजारात तेच खरं औषध आहे, फक्त किती ताकदीचं, कुठे आणि किती दिवस हे डॉक्टरने ठरवायचं. त्रास फार असला तर ॲझाथायोप्रिनसारख्या गोळ्या देतात, त्यावर मधूनमधून रक्त तपासावं लागतं, ती तपासणी चुकवू नका.

शेती सोडा असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या हातात नाही. पण पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला-मानेला रुमाल, घरी आलं की सरळ न्हाणीत जाऊन अंघोळ आणि कपडे बदलणं, एवढं केलं तरी फरक पडतो. गवत फुलावर यायच्या आधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, ते पण हातमोजे घालून आणि तुम्ही नाही, ज्याला ॲलर्जी नाही त्याने. वाळलेलं पेटवू नका, धुराने अजून त्रास होईल.

प्रश्न: वय ३८, दोन्ही गालावर वांग आहे. पार्लरमधून मिळालेल्या क्रीमने आधी गोरं वाटलं, आता क्रीम नाही लावली की चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक लव पण वाढलीय. लिंबू लावू का? (भुसावळ)

उत्तर: लिंबू नको, लिंबू लावून उन्हात गेलं की डाग अजून काळा होतो, प्रसंगी भाजतं. तुमच्या क्रीममध्ये पण बहुतेक स्टेरॉइडच होतं, लाली, आग, लव ही त्याचीच लक्षणं. जी क्रीम वापरली ती डॉक्टरकडे घेऊन जा, हळूहळू कशी सोडायची ते सांगतील, आणि आधी चेहरा शांत होऊ द्या, वांग नंतर. वांग पूर्ण जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, तो फिका होतो आणि उन्हाने परत येतो, भुसावळचं ऊन मी तुम्हाला काय सांगायचं. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन, पहिल्या दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ होईल एवढं, चेहऱ्याला आणि मानेला, दर दोन-तीन तासांनी परत. त्वचेच्या रंगाचं मिळालं तर ते घ्या, नुसत्या उजेडाने पण वांग वाढतो आणि त्यातला रंग उजेड अडवतो. पाळणा लांबवायच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरला सांगा.

प्रश्न: "मना नातूना गालवर धवया डाग शेतस, कोड ते नई ना माय?" साक्रीकडच्या एका आजींचं अहिराणीतलं पत्र आहे, नातवाच्या गालावर पांढरे डाग आहेत, कोड तर नाही ना, असं विचारतात. पोरगा सात वर्षांचा, डाग फिकट, जरा खरखरीत, उन्हाळ्यात जास्त दिसतात.

उत्तर: माय, घाबरू नको, हाई कोड नई वाटत. कोडाचा डाग दुधासारखा पांढराफेक आणि कडा स्पष्ट असतो, खरखरीत नसतो. नातवाचे डाग कोरड्या कातडीचे वाटतात, लहान मुलांमध्ये हे फार असतं, जंत झाले म्हणून होतं असं म्हणतात पण तसं नाही. दोन वेळा साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल लावा, साबण कमी करा, रंग भरायला काही महिने लागतात. पण एक करून बघा, त्याला डोळे मिटायला लावा आणि डागावर कापसाचा बोळा फिरवून विचारा कळतंय का. कळलं नाही तर लगेच सरकारी दवाखान्यात न्या, बधिर डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, त्याचं औषध तिथे फुकट मिळतं आणि वेळेत घेतलं की पूर्ण बरा होतो. आणि कोड असलं तरी ते शिवल्याने, एका ताटात जेवल्याने लागत नाही, शेजारच्या बायकांना हे नक्की सांगा.

प्रश्न: मिरचीचे देठ तोडायला जाते, रात्री हाताची आग होते. (नंदुरबार)

उत्तर: मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी हाताला खायचं तेल चोळा, पुसा, मग साबणाने धुवा, असं दोनदा. डोळ्याला आणि लेकराला त्याच्या आधी हात लावू नका. हातमोजे मिळाले तर फार बरं.

प्रश्न: मी धुळ्याला होस्टेलवर राहते, वय २०. श्रावणात डेंग्यू झाला होता. आता विंचरलं की हातात पुंजका येतो, टक्कल पडेल का? कांद्याचा रस लावते, फरक नाही. (धुळे)

उत्तर: बेटा, टक्कल पडणार नाही. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून ताप श्रावणात आणि केस आत्ता. रोज पन्नास ते शंभर केस तर कुणाचेही जातात. कांदा बंद कर, डोकं लाल झालं असेल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासून घे, आपल्याकडच्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार दिसतं, आणि कमी निघालं तर नुसत्या खजुराने भागत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात, त्या चहासोबत घेऊ नकोस. मेसमध्ये डाळ, उसळ, अंडं जे मिळेल ते सोडू नकोस, घरून डबा आला तर कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी माग. केस घट्ट ओढून बांधू नकोस, बाकी तेल हवं तर लाव, नको तर नको. आखाजीला (अक्षय तृतीयेला) घरी जाशील तोपर्यंत भांगाजवळ बोटभर उंचीचे नवे केस उभे दिसायला लागतील, आणि सहा महिन्यांनंतरही गळती अशीच राहिली किंवा मधला भांग रुंद होत गेला, तर मात्र येऊन दाखव.