बॉटनी की माती? एका आईच्या पत्राला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुलगी १७ वर्षांची, शेंगा, बोंडं, भूछत्रं, निवडुंग असलं काही दिसलं की उचलून आणते आणि चाक न वापरता नुसत्या हातानं मातीत तसले आकार करते. चित्रं बरी काढते, मार्क चांगले आहेत. तिच्या बाबांचं म्हणणं बॉटनीला ऍडमिशन घे आणि माती सुट्टीत कर. तुम्हाला प्रश्न पडलाय की यावर पोट भरेल का, घरी भट्टी घेऊन द्यावी का आणि तिच्या निम्म्या वस्तू वाळतानाच तडकतात, परवा एक तर भट्टीत फुटली आणि ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही, तर हे तिला झेपेल का?

खरं सांगू का, पहिले दोन प्रश्न सोपे आहेत, मला शेवटचाच महत्त्वाचा वाटतो. कारण आकार सुचणं हा या कामाचा छोटा भाग आहे. उरलेला वेळ माती मळणं, हळूहळू वाळवणं, भट्टी लावणं, ग्लेझच्या (भाजलेल्या वस्तूवरच्या काचेसारख्या थराच्या) चाचण्या आणि साफसफाई यात जातो. यात जिचं मन रमतं तीच टिकते, नुसती आकारावर प्रेम करणारी कंटाळते.

तिच्या वस्तू तडकतात कारण पाकळी पातळ असते आणि देठ जाड. पातळ भाग आधी वाळून आकसतो, जाड भाग मागे राहतो आणि ओढाताण होते नेमकी जोडावर. नशिबाचा यात काही संबंध नाही हे तिला सांगा. दोन्ही तुकडे सारख्याच ओलाव्याचे असताना जोडायचे, जोडाच्या जागी ओरखडे काढून त्याच मातीची दाट स्लिप (पाण्यात कालवलेली माती) लावायची, मग अख्खी वस्तू प्लास्टिकखाली ठेवून टोकांना ओलसर फडकं गुंडाळायचं आणि आठवडा दोन आठवडे घाई करायची नाही. माती ओली असल्यापासून पूर्ण भाजून होईपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आकसते, मातीनुसार कमीजास्त, म्हणजे जोडावर ताण येणारच, आपण फक्त तो एकदम येऊ द्यायचा नाही. आणि भट्टीत फुटलेल्या वस्तूबद्दल सगळे सांगतात की आत हवेचा बुडबुडा राहिला होता, तर ते बहुतेक वेळा चूक असतं. आत पाणी राहिलेलं असतं, १०० अंशांना त्याची वाफ होते आणि जाड भिंतीतून ती पटकन बाहेर पडू शकत नाही, मग धडाम. म्हणून वस्तू आतून पोकळ ठेवायची, भिंत सगळीकडे सारखी, एक छोटं भोक, आणि भट्टी १०० च्या खाली काही तास रेंगाळू द्यायची. पुढे ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची (गारगोटीच्या खनिजाची) रचना बदलते आणि तो किंचित फुगतो, थंड होताना तिथेच परत आकसतो, त्यामुळे चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा तिथे सावकाश जायचं.

आता माझी परीक्षा अशी. तिला वही द्या आणि म्हणा, फुटलेल्या प्रत्येक वस्तूखाली कुठून तडा गेला, भिंत किती जाड होती, किती दिवस वाळवली, एवढं लिही. आपणहून लिहायला लागली तर मी तिला या वाटेवर बिनधास्त पाठवेन. आणि "जाऊ दे ना, नवीन करते" असंच चाललं तर माती छंद म्हणून उत्तम आहे, त्यात काही कमीपणा नाही.

बाबांचा बॉटनीचा आग्रह मला मुळीच चुकीचा वाटत नाही, फक्त "किंवा" च्या जागी "आणि" टाका. जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट (१८६५ ते १९३२) बर्लिनच्या कलाशाळेत जिवंत झाडं समोर ठेवून मॉडेलिंग, म्हणजे हातानं आकार घडवणं, शिकवायचे. कोंब, शेंगा, वळलेली पानं यांचे त्यांनी मोठे करून काढलेले फोटो मुळात विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी होते, १९२८ मधे पुस्तक निघालं तेव्हा ते साठीच्या पुढे होते आणि मग ते जगभर गाजले. उलट बाजूनं बघा, लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठासाठी, बॉटनी शिकवायला म्हणून, काचेची झाडं बनवली. १८८७ ला काम सुरू झालं, वडील १८९५ मधे गेले आणि मुलगा १९३६ पर्यंत करत राहिला. काच आणि माती वेगळी, पण मुद्दा तोच, पान खोडाला कुठे आणि का लागलंय हे माहीत असलेल्या माणसाचं काम लगेच ओळखू येतं. मुलीला पाकळ्या मोजत बसायची सवय असेल तर ती मोडू नका!

पोट भरण्याबद्दल. फक्त शिल्प विकून जगणारे थोडे असतात, हे आधीच पचवून टाका. बहुतेक जण दोन तीन गोष्टी एकत्र करतात, थोडं शिकवणं, थोड्या ऑर्डरी, थोडं स्वतःचं काम. पण आजूबाजूला पगाराची कामंही आहेत. कॉलेज किंवा सामूहिक स्टुडिओत भट्टी सांभाळणारा टेक्निशियन लागतो, संग्रहालयांना मॉडेल बनवणारे आणि जुनी सिरॅमिक दुरुस्त करणारे लागतात, टाइल आणि ग्लेझ उद्योगाला मटेरियल समजणारे लागतात. आणि जे कुणाच्या डोक्यातच येत नाही ते म्हणजे दातांचं सिरॅमिक, क्राऊन (दातावरची टोपी) बनवताना पोर्सेलिनचे, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचे, थर ब्रशनं चढवून खऱ्या दातासारखा नैसर्गिक आकार आणि रंग आणावा लागतो, हात आणि डोळा तिथेही तोच लागतो, फक्त ट्रेनिंग वेगळं. ग्लेझ कशाला शिकायचं असं तिला वाटेल. ब्रिटनच्या सिरॅमिक कलाकार केट मलोन अननस आणि भोपळ्यांसारख्या आकारांसाठी ओळखल्या जातात, पण ग्लेझवर त्यांनी अनेक वर्षं प्रयोग केलेत आणि लंडनमधल्या एका इमारतीच्या दर्शनी भागाचं टाइलचं काम त्यांना मिळालं ते त्या ग्लेझमुळे.

भट्टी मात्र आत्ता अजिबात घेऊ नका. वीज, हवा खेळती ठेवणं, धूर, सगळा व्याप आहे. भाड्यानं भट्टी वापरू देणारा स्टुडिओ शोधा, तिथे एक वर्ष जाऊ दे, दुसऱ्यांचं फुटलेलं बघणं हीसुद्धा शाळाच असते. आणि एक गोष्ट मी कडक शब्दात सांगणार, तिला आवडो न आवडो. कोरड्या मातीची धूळ फुफ्फुसात जाऊ द्यायची नाही, तिच्यात सिलिका असतो आणि त्यानं सिलिकोसिस होतो, झालेलं नुकसान भरून येत नाही. कोरडं झाडणं बंद, वाळलेल्या वस्तू सँडपेपरनं घासणं बंद, ओल्या स्पंजनं पुसायचं. ग्लेझची पावडर मिसळताना साधा कपड्याचा मास्क पुरत नाही, त्या कामाचा डस्ट मास्क घ्या.

ऍडमिशनच्या आधी वर्षभर हातात आहे ना, तर एकच झाड किंवा एकच बी निवडायला सांगा आणि त्याचीच मालिका करायला. एक पिंच करून (गोळा चिमटीनं दाबत), एक कॉइलनं (मातीच्या वळ्या रचून), एक स्लॅबनं (लाटलेल्या पट्ट्या जोडून), एक इतकं मोठं की आत काठीचा आधार द्यावा लागेल. पोर्टफोलिओ बघणाऱ्यांना वीस वेगळ्या फुलांपेक्षा एका शेंगेवरचे आठ प्रयत्न जास्त सांगून जातात, मधले दोन फसलेले असले तरी चालतील, ते मुद्दाम ठेवा. आणि पोर्सेलिन मागितलं तर अजून नको म्हणा, पांढरं दिसतं म्हणून मोह होतो पण पातळ पाकळ्या मोठ्या आचेला वाकतात आणि आधाराला त्याच मातीचे टेकू करावे लागतात. आत्ता ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) घातलेली स्टोनवेअर, म्हणजे मोठ्या आचेला घट्ट भाजणारी, माती घ्या, जोड धरते आणि वाळताना कमी त्रास देते.