एच-वन-बीवर येतोयस ना, मग देणगीचं बटण दाबू नकोस

तू विचारलंयस, 'अमेरिकेत न्यू जर्सीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर येतोय. मत देता येणार नाही हे ठाऊक आहे, पण आवडत्या उमेदवाराला ५० डॉलर दिले तर चालतील का?'

नाही चालणार. ५ डॉलरही नाहीत. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत राष्ट्राध्यक्षापासून गावच्या मेयरपर्यंत कुणाच्याच प्रचाराला पैसे द्यायचे नाहीत. उमेदवाराच्या वेबसाइटवरून टोपी विकत घेतलीस तरी ती देणगीच धरतात. फुकट राबायला मात्र बंदी नाही. हौस असेल तर दारोदार पत्रकं वाट.

खरी भीती वेगळीच आहे. १९९३च्या कायद्यामुळे ड्रायव्हिंग लायसन्स काढतानाच मतदार नोंदणीचं विचारतात. घाईत 'हो' म्हणू नकोस. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात 'कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का?' हा प्रश्न असतो, आणि नागरिक नसताना मत दिलं तर थेट हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यालाही हेच लागू: देणगी चालते, मत नाही.

देणगीला मर्यादा आहे. २०२५-२६साठी संसदेच्या किंवा राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराला माणशी ३,५०० डॉलर. प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक) आणि मुख्य निवडणूक वेगवेगळी मोजतात. एकूण २०० डॉलरच्या वर गेलं की देणाऱ्याचं नाव, नोकरी, कंपनी सगळं निवडणूक आयोगाच्या साइटवर. पहिल्या वर्षी मी शेजारपाजारचे लोक शोधत बसायचो, खोटं कशाला बोलू! सुपर पॅकला, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या गटाला, मात्र कितीही पैसे देता येतात, ही २०१०च्या न्यायालयीन निकालांची कृपा. अट एवढीच की त्यांनी उमेदवाराशी संगनमत करायचं नाही. कागदावर तरी. आणि उमेदवाराचा स्वतःचा पैसा असेल तर मर्यादाच नाही. आपल्या बेळगावचे श्री ठाणेदार २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पदरचे लाखो डॉलर ओतून प्रायमरीतच हरले. २०२२ला मात्र संसदेत पोचले.

हो, प्रायमरी. इथे तिकीट श्रेष्ठींकडून येत नाही, उमेदवार मतदारच ठरवतात. न्यू जर्सीत नोंदणीकृत डेमोक्रॅटला रिपब्लिकन प्रायमरीत मत नाही; कुठेच न नोंदलेला माणूस मात्र त्याच दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो. म्हणून शेजारी 'मी रजिस्टर्ड रिपब्लिकन' म्हणाला तर त्याला पक्षाचा पदाधिकारी समजू नकोस. त्याने सरकारी फॉर्मवर एक खूण केलीय, बस.