पुस्तक मिटा, मग समरी

प्रश्न: सर, मी अमळनेरकडच्या एका कॉलेजात एफवायला इंग्रजी शिकवते. समरी लिहा म्हटलं की पोरं उताऱ्यातलीच वाक्यं उचलतात, दोन शब्द बदलतात, झालं. ठिबकवरचा उतारा दिला तर निम्म्या वर्गाची पहिली ओळ सेम टू सेम! कॉपी म्हणून मार्क कापू का?

उत्तर: मॅडम, लगेच नका कापू. यात चोरी कमी आणि धास्तीच जास्त असते, उतारा अर्धाच कळलेला असतो आणि छापलेलं इंग्रजी आपल्यापेक्षा भारी वाटतं, मग त्याला हात कोण लावणार. १९८३ साली अमेरिकेत अ‍ॅन ब्राऊन आणि जीन डे या दोघींनी हेच तपासलं होतं, लहान मुलं नको ते गाळतात आणि उरलेलं जसंच्या तसं उतरवतात, आणि परिच्छेदाचं म्हणणं स्वतःच्या एका वाक्यात पकडणं तर कॉलेजच्या मुलांनाही जड गेलं.

माझा उपाय जरा गावठी आहे. उतारा दोनदा वाचायचा, पुस्तक बंद, आणि शेजारच्याला अहिराणीत सांगायचं, तो लेखक काय म्हनस? (कोणी पावरा असेल तर पावरीत.) मधे दुसरी भाषा आली की वाक्य उचलताच येत नाही ना! आणि गंमत म्हणजे पोरगं आपसूक "तो म्हनस..." नेच सुरुवात करतं. अ‍ॅकॅडमिक इंग्रजीला तेच तर हवं असतं, द ऑथर आर्ग्यूज, द ऑथर सजेस्ट्स. आर्ग्यूज म्हणजे ठासून म्हणतो, सजेस्ट्स म्हणजे जरा दबकत, एवढं सांगितलं तरी पुरतं.

मग तेच पुस्तक न उघडता इंग्रजीत लिहायचं. उताऱ्यात केळी, कापूस, ऊस अशी यादी आली की नुसतं कॅश क्रॉप्स. पण ड्रिप इरिगेशन, रूट झोन असले शब्द बदलायला लावू नका हं, माझ्या एका पठ्ठ्याने ड्रिपचं लीकिंग इरिगेशन केलं होतं, म्हटलं बाबा याला सबसिडी कोण देईल! दुसऱ्याने शेवटी स्वतःचं घातलं, नळ्या उंदीर कुरतडतात म्हणून. खरंय, आमच्याकडेही कुरतडतात, पण ते लेखक कुठे म्हणतोय? ते वेगळ्या परिच्छेदात, स्वतःच्या नावावर.

मार्क कापायचेच तर दुसऱ्या ड्राफ्टला कापा.