इंदूरहून गुलमर्गला पहिल्यांदा स्कीइंगला जाणारीसाठी

अगं, मुक्काम श्रीनगरला ठेव. तिथून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. आपलं इकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड ने. ताजा बर्फ असेल तर टनमर्गला गाडी बदलावी लागते, नाहीतर चाकांना साखळ्या. तो खर्च पॅकेजमध्ये आहे का, हे इंदूरहूनच विचारून घे. तिथे घासाघीस करत बसलीस की सकाळ गेली.

बुटांना मात्र वेळ दे. राजवाड्याजवळून घेतलेले लोकरी मोजे एकावर एक चढवू नकोस. एकच, पातळ आणि लांब. सरळ उभी राहिलीस की बोटं बुटाला जेमतेम टेकायला हवीत, गुडघे वाकवून पुढे झुकलीस की सुटायला हवीत. टाच उचलली जात असेल तर न लाजता दुसरा जोड माग. वजन खरंच सांग हं! पडल्यावर स्की पायातून सुटावी म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, वजन बघून लावतात.

गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, ३९०० मीटरच्या आसपास. बघायला खुशाल जा, स्की घेऊन नको. पहिल्या दिवशी खालचा सौम्य उतार पुरे. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, हाच तुझा ब्रेक. तोल गेलाच तर बाजूला पड.

बॅगेत शेव-परमल असू दे, भूक भयंकर लागते. आणि शिकवणार कोण, हे ठरल्याशिवाय पैसे देऊ नकोस. स्लेज ओढणारेही स्वतःला गाइड म्हणवतात.