पहिली जुनी झेन घेताना

बाबांकडे होती तशीच १९९३-९४ ची मारुती झेन गाडी हवी, हे कारण पुरेसं आहे. फक्त पुढे भाव वाढेल म्हणून घेऊ नकोस.

आधी गंज बघ. मॅट उचलून फ्लोअर, दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी. (नव्याकोऱ्या रंगावर भाळू नकोस, खाली पुट्टी असते.) इंजिनापेक्षा पत्र्याचं काम महागात पडतं. ९९३ सीसीचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, फार तापलं तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं; रेडिएटर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नीट तपास.

कागद:
- १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी. संपली असेल तर विकणाऱ्यालाच करायला लाव.
- व्हिंटेज (खूप जुन्या गाड्यांची वेगळी) नोंदणी ५० वर्षांनंतरच, म्हणजे या झेनला अजून नाही.

अलॉय चाकं, स्टिरिओ नंतर बघू. जुने दिवे, डोअर ट्रिम मात्र टाकून देऊ नकोस, परत मिळवताना नाकी नऊ येतात.